संशय आणि सावधगिरी

व्यापार विश्वासावर चालतो, असे आपण म्हणतो. परंतु गल्ल्यावर बसलेल्या मनुष्यास विश्वास आणि संशय हे दोन्ही दिवसभर एकाच तराजूत तोलावे लागतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. काही वर्षांपूर्वी जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर मी बसलो होतो. सातपुड्याकडील एक वृद्ध पावरा स्त्री आपले चांदीचे कडे मोडावयास आली. कडे कोणाचे, गाव कोणते, बरोबर कोण आहे, अशी तिची पुरती उलटतपासणी झाली, आणि अखेर कडे न घेताच तिची बोळवण करण्यात आली. त्याच वेळी पलीकडे एक सुवस्त्र गृहस्थ नोटांची पुडकी मांडून सोने घेत होते, आणि त्यांच्या एकाच खरेदीच्या तीन निरनिराळ्या नावांनी पावत्या होत होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही. उलट त्यांच्यापुढे चहा आला. तोच चहा मीही प्यालो आणि गप्प बसलो. त्या मौनाची टोचणी हेच या लेखाचे निमित्त होय.

दुकानदाराने संशय घेऊच नये, असे मात्र म्हणता येणार नाही. माल चोरीचा आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, जो तो अप्रामाणिकपणे घेतो तो अपराधी, हे तत्त्व १८६० च्या दंडसंहितेत होते आणि २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेतही कायम आहे. एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रोख घेण्यास २०१७ पासून मनाई आहे. दहा लाख व त्यापुढील रोखीचे व्यवहार करणारे सराफ डिसेंबर २०२० पासून काळा पैसा पांढरा करण्यास आळा घालणाऱ्या कायद्याखाली आले असून, संशयास्पद व्यवहाराची वर्दी सरकारास देणे हे त्यांचे कर्तव्य ठरले आहे. यातील 'मानण्यास कारण' हे शब्द फार मोलाचे आहेत. ते कारण व्यवहारातच सापडले पाहिजे: भावाविषयी बेफिकिरी, पावती टाळणे, एक रक्कम अनेक नावांवर वाटणे. वेष, बोली, जात आणि गाव ही कारणे नव्हेत. ती आपल्या मनातील जुनी खाती होत.

ही खाती आजची नाहीत. १८७१ च्या कायद्याने या देशात कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. भटक्या मनुष्याकडे पाहण्याची ती दृष्टी मात्र रद्द झाली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुले पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना मारहाण करून ठार केले. त्यांचा अपराध एवढाच की, ते अनोळखी होते.

कोणी म्हणेल, यातून एवढाच बोध घ्यावा की संशय जमावापुढे नव्हे, तर अधिकाऱ्यापुढे बोलावा. हे खरे आहे, आणि हा भेद जीवनमरणाचा आहे. परंतु एवढ्याने भागत नाही. सराफाने दिलेली वर्दी गिऱ्हाइकास कळू द्यावयाची नसते. म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला त्यास उत्तर देण्याची संधी त्या क्षणी नाही. प्राचीन अथेन्समध्ये सार्वजनिक फिर्याद करणाऱ्यास पंचांची एक-पंचमांश मतेही न मिळाल्यास हजार द्राख्मांचा दंड होई. आपला कायदा सद्भावनेने वर्दी देणाऱ्यास अभय देतो, आणि ते योग्यच आहे. एरव्ही भयाने कोणी तोंडच उघडणार नाही. परंतु बाहेरचा दंड जेथे नाही, तेथे आतला न्यायाधीश अधिक जागा असला पाहिजे.

त्या न्यायाधीशाने दोनच प्रश्न विचारावेत. या परक्याने जे केले ते माझ्या नात्यातील मनुष्याने केले असते तर मला खटकले असते काय? आणि या प्रतिष्ठिताने जे केले ते एखाद्या परक्याने केले असते तर मी स्वस्थ बसलो असतो काय? पहिला प्रश्न निरपराध्यास वाचवितो. दुसरा अपराध्यास सुटू देत नाही. यांपैकी एकच विचारणारा मनुष्य एक तर भित्रा होतो, नाही तर क्रूर.

त्या दिवशी हे दोन्ही प्रश्न मला सुचले असते, तर त्या वृद्धेसाठी मी दोन शब्द बोललो असतो, आणि हातातील चहाचा पेला खाली ठेवला असता.