न मागितलेला मासा

कष्टाने मिळवलेल्या गोष्टीचा हिशेब सोपा असतो. जितके तास राबलो तितकी मजुरी, जितके पेरले तितके पीक. पण जे न मागता, न ठरवता अचानक पदरात पडते, त्याचा हिशेब कसा मांडायचा? ते कोणाचे? त्याबद्दल आभार कोणाचे मानायचे? हा प्रश्न आम्हांला ग्रंथ वाचताना पडला नाही. तो पडला अंजूरच्या खाडीत, एका माशामुळे.

फाल्गुनाचा शुक्ल पक्ष संपत आला होता. होळीपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. आम्ही चौघे एकाच शाळेतले शिक्षक. त्यात दोघे कोकणी, शाफई मसलकाचे. दोघे मोमीन, हनफी. आमच्यात वाद होतो तो फक्त टोपलीत चिंबोरी आली की. शाफई ती खुशाल खातात, हनफी तोंड फिरवतात. बाकी गळ टाकून बसण्याच्या शौकात आमचे पूर्ण एकमत आहे.

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण गावाबाहेर पडले की अंजूर, आलिमघर, काल्हेर, कशेळी या बाजूला उल्हास नदी खाडी होऊन पसरलेली दिसते. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत इथे येते आणि पुढे वसईच्या समुद्राला मिळते. अंजूर गावाला इतिहास आहे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांविरुद्ध झटलेले गंगाजी नाईक अंजूरकर इथलेच. आज भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत. रेतीच्या उपशाने खाडीचा तळ खरवडला गेला, वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी नदीत उतरले. तरी भरतीचे पाणी आत येते, आणि त्याबरोबर मासाही येतो. पूर्वीइतका नाही, पण येतो.

एका म्हाताऱ्या होडीवाल्याने आम्हांला पाण्यात नेले. त्यांनी आठशे रुपये मागितले. आम्ही घासाघीस करून पाचशेवर आणले. हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत त्या तीनशे रुपयांना जागा आहे.

दुपारभर शिंगाळ्याखेरीज काही लागले नाही. भरती भरून पाणी थांबायच्या वेळेला काकांनी होडी वळवली आणि जुन्या दगडी बांधाच्या तोंडाशी नेली. म्हणाले, "मास्तर, तिकडं नका टाकू. हिकडं टाका. आनि बोईट लावा, कोलंबी नको." आम्ही तसे केले. असरची वेळ झाली, म्हणून आमच्यातला एक जण बांधावर उतरला आणि आपला तंगूस दुसऱ्याच्या हातात देऊन नमाजला उभा राहिला. नेमका तेव्हाच तो ओढला गेला. धरणाऱ्याच्या बोटांना चिरा पडल्या. काकांनी होडी माशाच्या मागे मागे नेली, नाहीतर तंगूस तुटलाच असता. अर्ध्या तासाने त्यांनीच वाकून कल्ल्यात हात घालून तो वर घेतला. जिताडा! घरी वजन केले तर अकरा किलो भरला. आमच्यापैकी कोणीही आयुष्यात एवढा मासा धरला नव्हता.

आणि लगेच आमचा वाद सुरू झाला, मासा कोणाचा? ज्याचा गळ त्याचा, की ज्याच्या हातात तो होता त्याचा? नमाज पढणारा हसत म्हणाला, "आम्ही सजद्यात होतो म्हणूनच आला." धरणाऱ्याने आपली बोटे दाखवली. फिकहची चर्चा रंगली. नदीतला मासा मुबाह, म्हणजे कोणाच्याही मालकीचा नाही. जो पकडेल तो त्याचा. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकताही येत नाही, कारण जे हातात नाही त्याचा सौदा फसवणुकीकडे जातो. शेवटी सर्वांनी मान्य केले की मासा अल्लाहने दिला, तेव्हा चौघांत सारखा वाटावा. आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हटले, काकांच्या हातावर पाचशे ठेवले आणि निघालो. काका काही बोलले नाहीत. होडी धूत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात वर्गात आम्ही ही गोष्ट मोठ्या रंगात सांगितली. उद्देश चांगला होता. रिज्क कुठून, कसा येतो याची कल्पना करता येत नाही, हे मुलांना समजावून सांगायचे होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, नाववाले को क्या दिया?" आम्ही म्हणालो, "किराया." तो "अच्छा" म्हणून बसला. त्याच्या त्या "अच्छा"ने आमची झोप उडवली.

मोठे घबाड मिळाले की माणूस दोन प्रकारे चुकतो. पहिली चूक कारूनची. कुरआनात त्याची कथा आहे. एवढी दौलत की तिच्या किल्ल्या उचलतानाही धडधाकट माणसे वाकत. तो म्हणे, हे मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले. त्याचा शेवट सर्वांना माहीत आहे, आणि ही चूक ओळखायला सोपी असते. दुसरी चूक मात्र दीनदारीचा पोशाख घालून येते. ती म्हणते, हे अल्लाहने दिले. वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण ते कशासाठी उच्चारले, हे पाहावे लागते. शुक्र म्हणून उच्चारले तर इबादत. ज्या माणसांच्या हातून ते पोहोचले त्यांचा वाटा पुसायला उच्चारले, तर ती केवळ सोय. आम्ही चौघांनी अल्लाहचे नाव घेऊन एका म्हाताऱ्याची पन्नास वर्षांची जाणकारी पाचशे रुपयांत बसवली. जागा त्यांची, वेळ त्यांनी ओळखलेली, आमिष त्यांनी सांगितलेले, होडी त्यांची, कल्ल्यात गेलेला हात त्यांचा. आमचे काय होते? गळ आणि नशीब. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या अर्थाची हदीस आम्हीच मुलांना पाठ करायला देतो.

कोणी म्हणेल, भाडे ठरले होते आणि ते दिले. करार पुरा झाला. शरियतही हेच म्हणेल, कायदाही हेच म्हणेल. पण करार झाला तेव्हा कोणाच्याही मनात अकरा किलोचा जिताडा नव्हता. कोळ्यांची रीत पाहा. होडीवर वाटे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, हातांचा वाटा. उद्या काय मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून मिळेल त्यात सर्वांचा भाग आधीच धरलेला असतो. ठरलेले भाडे होडीवाल्याच्या अंगावर तोटा येऊ देत नाही, हे खरे. पण बरकतही एकाच्याच घरी राहू देते. न्याय पुरा होतो आणि इन्साफ अपुरा राहतो. अशा जागीच एहसान सुरू होतो, म्हणजे देणे लागत नसताना देणे.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, पावसाळी मासेमारीबंदी उठल्यानंतर, पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात १५७ घोळ मासे सापडले आणि लिलावात त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात फार मोल आहे, म्हणून एवढी किंमत. सगळीकडे एकच शब्द गाजला, लॉटरी. पण लॉटरीचे तिकीट काढणाऱ्याला समुद्र वाचावा लागत नाही. नशीब हा शब्द आपण दुसऱ्याचे कष्ट झाकायलाही वापरतो, हे आम्हांला तेव्हा कळले नव्हते. आता कळले.

अचानक मिळालेल्या माशाची सर्वांत सुंदर गोष्ट हदीसच्या ग्रंथांत आहे. हजरत अबू उबैदा इब्न जर्राह (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली तीनशे सहाबा समुद्रकिनारी गेले होते. खजुरांचा साठा संपत आला. दिवसाला एकेक खजूर वाट्याला येऊ लागला. झाडांची पाने खाण्याची पाळी आली. तेव्हा समुद्राने अंबर नावाचा प्रचंड मासा किनाऱ्यावर टाकला. इतका मोठा की त्याच्या उभ्या केलेल्या बरगडीखालून उंट गेला. तो मेलेला आहे म्हणून अबू उबैदा आधी कचरले, पण लोक उपाशी होते. त्यांनी कित्येक दिवस त्यावर गुजराण केली. मदिनेत परतल्यावर त्यांनी प्रेषितांना (स.) हे सांगितले. त्यांनी सांगितले, अल्लाहने दिलेला रिज्क आहे, खा. आणि विचारले, आमच्यासाठी काही उरले आहे का? कोणीतरी आणून दिले आणि त्यांनी ते खाल्ले.

त्या प्रश्नाकडे आम्ही पूर्वी फतव्याच्या नजरेने पाहत होतो. खाऊन दाखवले म्हणजे हलाल ठरले, एवढेच. आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जे तिथे नव्हते, त्यांच्यासाठी काही उरले का? न मागता मिळालेल्या देणगीची हीच खरी परीक्षा असावी. आणि आमच्या बाबतीत तर काका तिथे होते, आमच्या समोर होते.

एक काटा अजून आहे. मासा कापताना त्यात गाभोळी धरलेली निघाली. मग जाणकारांकडून कळले की जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा बहुधा आईच असते, आणि पावसाच्या तोंडावर खाऱ्या पाण्याकडे उतरून ती लाखोंनी अंडी घालते. ज्या मोठेपणाचा आम्हांला अभिमान वाटला, तो मोठेपणा खाडीची उद्याची रोजी होता. घोळीचेही तेच. ती थव्याने जमते तेव्हाच जाळे भरते, आणि आज ती आंतरराष्ट्रीय यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर नोंदली गेली आहे. कुरआनात शनिवारवाल्यांची हकीकत आहे. ज्या दिवशी शिकार मना होती त्याच दिवशी मासे पाण्यावर तरंगत येत, इतर दिवशी येत नसत. ती परीक्षा होती. पाण्यात मासा नसतो तेव्हा सगळेच संयमी असतात. हात आखडायला शिकवतो तो भरपूर मासा.

मग तो मासा सोडून द्यायला हवा होता का? आमच्यात आजही एकमत नाही. एक जण म्हणतो, अल्लाहने हलाल केलेले आपण का नाकारावे? दुसरा म्हणतो, हलाल म्हणजे परवानगी, हुकूम नव्हे. आम्ही हा वाद मिटवलेला नाही, आणि मिटवला असे वाचकांना सांगणारही नाही.

काकांचा हिशेब मात्र मिटवायला गेलो. पंधरा दिवसांनी, पाकिटात पैसे घेऊन. त्यांनी पाकीट घेतले, उघडले नाही. आम्ही ओशाळून काही बोलू लागलो तर म्हणाले, "पैशाचं काय नाय, मास्तर. त्या दिशी एक तुकडा दिला असतात, तर नातवंडांनी खाल्ला असता."

उशिरा दिलेला वाटा हा वाटा नसतो, ती भरपाई असते. भरपाईने कर्ज फिटते, पण त्या संध्याकाळी त्यांच्या चुलीवर जो रस्सा शिजायचा होता तो शिजत नाही. आता आम्ही खाडीवर जातो तेव्हा होडीत बसण्याआधीच बोली करतो. भाडे वेगळे आणि जे लागेल त्यात पाच वाटे. त्यानंतर कधी मोठा मासा लागलेला नाही. शिंगाळे लागतात, त्यांचे पाच वाटे करताना काका हसतात. आम्हीही हसतो.