जीर्ण कशास म्हणावे?

मोटारखान्याचे जुने लाकडी दार खाली कुजले, झुकले, जमिनीस घासू लागले, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काढून टाका, लोखंडी शटर बसवा. दुसरा म्हणतो, आपल्या हातांनी दुरुस्त करू. यांत धर्म्य पक्ष कोणता, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पहिला पक्ष गीतेचा आधार देईल. दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टांत आहेच ना! अहो, आहे, पण तो देह आणि देही यांच्या विचारात आला आहे. पदर जरा फाटला म्हणून लुगडे टाकावे, असा त्याचा अर्थ कोणत्या आजीने केला? जीर्ण कशास म्हणावे हे आधी ठरवावे लागते, आणि ते लांबून ठरत नाही.

पेचकसाचे टोक लाकडात दाबून पाहावे. कुजक्या भागात ते सहज शिरते, निकोप भागात अडते. पुष्कळदा कूज खालच्या वीतभरातच असते. का बरे? उभ्या फळीचे कापलेले टोक म्हणजे बारीक नळ्यांची तोंडे. ती जमिनीवरचे पाणी वर ओढतात. ओल टिकली की बुरशी लाकूड खाते. कोरड्या लाकडास ती कुजवीत नाही. आता बघा, नवे लाकडी दार आणले आणि पाणी तेथेच साचू दिले, तर तेही कुजेल. लोखंडाचे आणले तर गंजेल. कार्य टाकले, कारण तसेच राहिले!

हाताने दुरुस्त करणाऱ्याची मात्र कारणाशी गाठ पडते. तो निकोप लाकूड लागेपर्यंत कुजके कापतो, त्याच जातीचा तुकडा रेषा जुळवून सांधतो, टोकास रंग पाजतो, दाराखाली बोटभर फट ठेवतो, पाण्यास वाट काढून देतो. झुकलेल्या दारास तिरपा दांडा देतो. तोही खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे, म्हणजे भार बिजागरीवरून भिंतीत उतरतो.

ज्यास हे जमत नाही त्याने सुतारास बोलवावे, जवळ उभे राहून बघावे आणि योग्य मोल द्यावे. वर सरकणाऱ्या दाराच्या ताणलेल्या स्प्रिंगला तर जाणत्यावाचून कोणी हात लावू नये. ती सुटली तर जिवावर बेतेल.

जुन्याचा मोह म्हणजेही धर्म नव्हे हो! अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगताना जीर्ण लाकडी मूर्ती अग्नीस द्यावी असे म्हटले आहे. मग दाराची काय कथा? सगळीकडेच टोक शिरत असेल तर खुशाल टाकावे.

तात्पर्य, टाकण्यात पाप नाही आणि राखण्यातच पुण्य नाही. न तपासता टाकणे हा अन्याय. हाच अन्याय आपण माणसांवरही करतो. घरातला एखादा एका बाजूने बिघडला की त्यास बाहेरची वाट दाखवितो. ओल कोठून आली, हे पाहण्यास मात्र कोणी खाली वाकत नाही.