तिसऱ्या हाकेपर्यंत

पिकाची राखण करायला रात्री शेतात मुक्कामाला जाणं, याला आमच्या वऱ्हाडात जागलीला जाणं म्हणतात. आठ-नऊ वर्षांचा असताना मी आजोबांबरोबर जागलीला जायचो. आमचं वावर अकोट तालुक्यात. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ, त्यात नरनाळ्याचा डोंगर. हरभरा घाट्यांवर आला की रानडुकरं उतरायची.

मचाणावर चढताना आजोबा दर वेळी एकच बजावायचे, "पोरा, नावानं हाक आली त ओ देऊ नोको. तीन हाका ऐकाच्या, मंगच बोलाचं." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एका रात्री खरंच अंधारातून त्यांच्या नावानं हाक आली. आजोबांच्या हातातली बिडी तशीच राहिली. दुसरी हाक आली, तेव्हा त्यांनी कंदिलाची वात खाली केली. तिसऱ्या हाकेला ते "ओ" म्हणाले. शेजारच्या वावरातला गडी काडीपेटी मागायला आला होता. विपरीत काहीच घडलं नाही, तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेमधली ती शांतता आज साठी ओलांडल्यावरही माझ्या अंगावर काटा आणते.

भयकथेबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते सगळं त्या शांततेत आहे. भीती भुतात नसते, ती सांगण्याच्या लयीत असते. कुठे थांबायचं, काय झाकायचं, कोणता शब्द किती उशिरा आणायचा, ही जाण कवीची असते. म्हणून भयकथा कवितेची सख्खी बहीण आहे, आणि तिला जोखायचं तर कवितेच्याच काट्यावर जोखलं पाहिजे.

शाळकरी वयात अकोल्याच्या एका छोट्या लायब्ररीतून मी पुस्तकं भाड्यानं आणायचो. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा. खरखरीत कागद, सैल झालेली शिवण, मुखपृष्ठावर भडक चेहरा. वर्गात धारपांचं पुस्तक सापडलं तेव्हा एका गुरुजींनी ते जप्त केलं आणि 'हे साहित्य नाही' असं सगळ्यांसमोर सांगितलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

कारण तोवर मी धारपांची वाक्यं वाचली होती. 1925 साली जन्मलेल्या आणि 2008 साली गेलेल्या या लेखकानं शंभरावर पुस्तकं लिहिली. 'लुचाई', 'चेटकीण', '४४० चंदनवाडी' ही नावं घराघरांत पोहोचली. त्यांची कथा साध्या बिऱ्हाडात सुरू होते. नव्या जागी राहायला आलेलं कुटुंब, स्वयंपाकघरातली भांडी, शेजाऱ्यांची विचारपूस. मग एखादी खोली जराशी जास्तच गार लागते. धारप ते एकदाच सांगतात आणि पुढे जातात. वाचक मात्र त्या खोलीत अडकून पडतो. ही दुसरी हाक.

धारपांवर परदेशी लेखकांचं ऋण आहे, ते मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. 'लुचाई'चं मूळ स्टीफन किंगच्या 1975 सालच्या 'सालेम्स लॉट'मध्ये आहे. विश्वाच्या पल्याड दबा धरून बसलेल्या आदिम शक्तींची कल्पना अमेरिकेच्या एच. पी. लव्हक्राफ्टकडून आलेली आहे. पण लव्हक्राफ्टच्या विश्वात माणसाची हाक ऐकणारं कुणीच नाही. धारपांच्या विश्वात अप्पा जोशी, म्हणजेच 'समर्थ', धावून येतात. रामदासांची आठवण देणारं हे नाव उगाच आलेलं नाही. तिन्हीसांजेला मारुतिस्तोत्र म्हणणाऱ्या घरातला वाचक भीतीबरोबर तिचा उताराही मागतो, हे धारपांनी ओळखलं होतं. काही कथांत समर्थ फार लवकर येतात आणि भीती अर्ध्यावर विझते, ही त्यांची खरी मर्यादा. पण परक्या रोपट्याला आपल्या मातीची चव आणणं सोपं नसतं, आणि ते त्यांनी केलं.

लव्हक्राफ्ट ज्या 'वीअर्ड टेल्स' मासिकात लिहायचा, ते 1923 साली सुरू झालं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, शब्दाला अर्धा-एक सेंट मानधन. त्याचे तीन मोठे लेखक म्हणजे लव्हक्राफ्ट, रॉबर्ट हॉवर्ड आणि क्लार्क ॲश्टन स्मिथ. हे तिघेही कविता लिहीत. स्मिथ तर आधी कवीच. कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावाजवळच्या साध्या घरात राहून, शब्दकोश वाचून वाचून तो स्वतःच शिकला. 1912 साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याचा पहिला कवितासंग्रह आला. आई-वडील थकले, पैशांची निकड लागली, तेव्हा 1929 नंतरच्या मोजक्या वर्षांत त्यानं शंभराच्या आसपास कथा लिहिल्या. ते दोघे गेल्यावर कथालेखन जवळजवळ थांबलं. मग तो दगड कोरत राहिला आणि 1961 साली वारला.

त्याच्या कथांतल्या 'झोथिक' या पृथ्वीवरच्या शेवटच्या, कल्पित खंडावर मावळतीला लागलेला म्हातारा सूर्य असतो. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी, पारा पंचेचाळिसाच्या वर, रस्ते ओस, धुळीनं आभाळ तांबूस झालेलं, अशा वेळी मी त्या कथा वाचल्या. मला ते जग परकं वाटलं नाही. नरनाळा आणि गाविलगड या किल्ल्यांच्या पडक्या दरवाजांतून फिरलेल्या माणसाला मेलेल्या राज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. स्मिथचं वाक्य मोठ्यानं वाचलं की त्यातली कविता ऐकू येते. पोटासाठी लिहिलं म्हणून त्यानं शब्द स्वस्त केला नाही.

आमच्या वऱ्हाडातही असा एक आडबाजूचा माणूस होता. मलकापूरला 1872 साली जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते, म्हणजे कवी 'बी'. सरकारी कचेरीत कारकुनी करत, पुण्या-मुंबईच्या गजबजाटापासून दूर, त्यांनी थोडंच पण गूढ लिहिलं. 'फुलांची ओंजळ' हा त्यांचा संग्रह 1934 साली आला. त्यांच्या कवितेतला 'चाफा' नेमका काय आहे, यावर अभ्यासक अजून बोलतात, आणि बोलावंच. पण कवितेतल्या गूढाला चर्चासत्र आणि कथेतल्या गूढाला जप्ती, ही वाटणी अन्यायाची आहे. अदृश्याच्या उंबरठ्यावर उभं राहून कवी आणि कथाकार दोघंही शब्दच तोलत असतात.

जप्त होणारी ही कथा किती टिकते, तेही पाहा. 1993 साली विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा सांगितली. ती त्यांच्या मनातून गेली नाही, आणि 2018 साली त्यांचा 'तुंबाड' हा सिनेमा पडद्यावर आला. मला यातला सिनेमापेक्षाही तो जंगलातला प्रसंग मोलाचा वाटतो. स्वस्त कागदावरची कथा पुन्हा तोंडी झाली आणि पंचवीस वर्षं एका माणसात जिवंत राहिली. कथेची याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही.

तोंडी आठवणी टिपून ठेवण्याची वाट आमच्याकडे जुनीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून विचारून विचारून गोळा केल्या. 'लीळाचरित्र' झालं, आणि मराठी गद्याला त्यातून पाया मिळाला. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे. माझी तिथल्या तरुण अभ्यासकांना विनंती आहे. धारपांना अभ्यासक्रमात घ्या, त्यांचं उसनं आणि त्यांचं स्वतःचं नीट वेगळं करून दाखवा. आणि अकोट, दर्यापूर, अचलपूरकडच्या वावरांत जाऊन म्हाताऱ्यांकडून चकव्याच्या, मुंजाच्या, हाकांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. आता पिकांभोवती झटका मशीनच्या तारा आल्या आहेत, जागलीला जाणारे कमी झाले आहेत. माझे आजोबा गेले आणि त्यांच्या निम्म्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. उरलेल्या मी यंदाच्या दिवाळीपासून वहीत लिहायला घेतल्या आहेत. तुमच्या घरात असा कुणी म्हातारा असेल, तर त्याच्याजवळ आजच बसा.