वैद्याने वार करावा का?

माझा भाचा एका खेळात वैद्य आहे. खेळाचं नाव अल्टिमा ऑनलाइन. १९९७ साली अमेरिकेत सुरू झाला आणि अजून चालू आहे. देशोदेशीची माणसं एकाच काल्पनिक राज्यात एकाच वेळी वावरतात. कुणी लोहार, कुणी शिंपी, कुणी वाटमाऱ्या. कसब वाढतं ते काम करून. लोहार ऐरणीवर राबला की लोहारकीचा आकडा दशांशाने वर सरकतो. मुळात एका कसबात शंभरापर्यंत मजल मारता येते, पण सगळ्या कसबांची बेरीज सातशेवर अडवलेली. त्यामुळे सगळंच येणारा माणूस तिथे होऊच शकत नाही. आपण कोण ते आधी ठरवावं लागतं. भाचा ज्या मंडळींबरोबर खेळतो त्यांचा दंडक आणखी कडक आहे: आत शिरलं की पात्राच्याच तोंडून बोलायचं. क्रिकेट, पगार, पुण्यातला ट्रॅफिक, काही काढायचं नाही.

ज्वारीच्या काढणीला तो मंद्रूपला आला होता. रात्री जेवणं उरकल्यावर ओसरीवर लॅपटॉप उघडून बसला, मी शेजारी. पडद्यावर वेशीबाहेरचं रान आणि रानात दोन माणसं. एकाने दुसऱ्याला सुरीने भोसकलं. गवतावर रक्ताचा डाग पडला. मग भोसकणाऱ्यानेच कापडाची पट्टी काढून जखम बांधली. काही सेकंद गेले, जखम भरली, कोपऱ्यातला आकडा ६४.३ चा ६४.४ झाला. पुन्हा सुरी, पुन्हा पट्टी.

"यातला तू कोणता?" मी विचारलं.

"सुरीवाला."

"तू तर वैद्य ना रे?"

"म्हणूनच, मामा. जखमी माणूस असल्याशिवाय पट्टी बांधता येत नाही. तो माझा मित्र आहे, बंगळुरूचा. खेळात शिकारी आहे. त्याचं आणि माझं ठरलेलं आहे, तासभर असं ग्राइंड करायचं, म्हणजे आकडा चढावा म्हणून तेच तेच पुन्हा. गावात केलं तर पहारेकरी येऊन मारून टाकतात, म्हणून इथे बाहेर."

"म्हणजे गावाला हे कळू नये अशी व्यवस्था आहे."

तो हसला नाही. त्याने खेळ थांबवला आणि माझ्याकडे वळून बसला. मला ते आवडलं. कारण प्रश्न त्यालाही सलत होता, फक्त तो कुणी विचारलेला नव्हता.

"शनिवारी आम्ही सगळे एका भुयारात उतरणार आहोत," तो म्हणाला. "आत कुणी मेलं तर त्याचं भूत होतं. भूत बोलतं ते जिवंत माणसांना नुसतं ऊऊ ऐकू येतं. त्याला उठवायचं तर उपचाराचं कसब ऐंशी लागतं आणि शरीरज्ञानाचंही ऐंशी. मी चौसष्टवर आहे. आता सांगा, मी पात्र सांभाळलं, गोड बोललो, जडीबुटीच्या गप्पा मारल्या, आणि ऐन वेळी माणूस उठवता आला नाही, तर मी कसला वैद्य? सोबतच्यांनी माझ्या भरवशावर आत उतरायचं आणि मी फक्त सोंग आणायचं?"

हा मुद्दा हलका नव्हता. भूमिकेशी इमान राखणं हे कसब न कमावण्याचं निमित्त होऊ शकतं. गावोगावच्या हौशी नाटकांत मी असे नट पाहिले आहेत, ज्यांना भावना फार होत्या आणि संवाद पाठ नव्हते. तरी मी म्हणालो, "तुझा वैद्य उद्या ऐंशीवर जाईल. शनिवारी एखाद्या जखमीने त्याला विचारलं, वैद्यबुवा, हे कुठे शिकलात? तर तो काय सांगेल?"

"तसं कुणी विचारत नाही."

"मी विचारतोय."

थोडा वेळ गेला. मग त्याने डाव फिरवला. "मामा, तुम्ही नाटकात कामं करायचात. तालमी करत होता की नाही? बालगंधर्वांनी रियाज केला तो काय 'मानापमान'मधली भामिनी म्हणून केला? पहाटे उठून नारायण श्रीपाद राजहंसांनीच सूर घोटले असतील, आणि रात्री रंगमंचावर भामिनी गायली. मग माझी ही रानातली तालीम का चालत नाही?"

बराच वेळ मला याचं उत्तर सुचलं नाही. सुचलं ते असं. "नटाचं कसब नटाच्या गळ्यात असतं. भामिनी ते उसनं घेते. नाटक संपलं, शालू उतरवला, तरी गळा त्याचा त्याच्याकडे. म्हणून रियाज नटाचा, पात्राचा नव्हे. तुझं उलटं आहे. ते चौसष्ट पूर्णांक चार कुणाचे? तुला पट्टी बांधता येते का? आत्ता मला विळा लागला तर तू आईला हाक मारशील. कसब त्या वैद्याच्या अंगात चढतंय, तुझ्या नाही. मग ते त्यानेच कमवायला हवं, त्याच्याच आयुष्यात. तुझी तालीम पडद्यामागे होतच नाही, ती त्याच्या गोष्टीतच होते. आणि त्या गोष्टीत तो मित्राला भोसकतो."

"पण सगळ्या खेळांत असं नाही," तो म्हणाला. "जीटीए नावाच्या खेळाचे पात्र होऊन खेळायचे, रोलप्लेचे सर्व्हर असतात, तिथे गाडी चालवायचं कसब माझ्या बोटांत असतं."

"मग तिथे तुझा रियाजाचा दाखला चालेल. इथे नाही चालत."

त्याने मान डोलावली, पण हार मानली नाही. "तुमच्या संगीत नाटकांचंच बोलू. वन्स मोअर मिळाला की पात्र दुःखात असो की रागात, पद पुन्हा. पहाटेपर्यंत प्रयोग चालायचे म्हणतात. तिथे भूमिका गेली कुठे? लोक कसबच बघायला आले होते."

हे त्याचं खरं होतं आणि मी ते मान्य केलं. १९२१ च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन नाटक मंडळ्यांचे दोन गवई एका रंगमंचावर ऐकायला मिळणार म्हणून लोटलेले किती आणि धैर्यधर-भामिनीचं पुढे काय होतं हे पाहायला आलेले किती, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. कथा सगळ्यांना ठाऊकच होती. पण वन्स मोअर मागणाऱ्यालाही तेच पद भामिनीच्या वेषात हवं असायचं. कसब भूमिकेवर मात करतं तेव्हासुद्धा ते भूमिकेच्या अंगावरच उभं असतं, असं मला वाटतं. भाच्याला हे पुरेसं पटलं नाही. मलाही त्याची ओढाताण पटते. मराठी रंगभूमीने हा तिढा सोडवला नव्हता, ती त्याच्यासकट जगली.

"मुळात माझ्याकडे वेळ नाही," तो पुढे म्हणाला. "खरा वैद्य वर्षानुवर्षं शिकतो. मला रात्रीचे दोन तास मिळतात. नाटकात दोन अंकांमध्ये बारा वर्षं जातात, ती कुणी दाखवत नाही. समजा, माझी ही तासाभराची सुरी-पट्टी म्हणजे ती बारा वर्षं."

"दोन अंकांमध्ये पडदा पडलेला असतो. तुझं रान उघडं आहे. उद्या एखादा नवा मुलगा तिकडून चालत आला, त्याला या राज्याची भूल पडावी म्हणून तो आलाय, आणि त्याला दिसतं काय? एक वैद्य एका माणसाला पुन्हा पुन्हा मारतोय आणि बांधतोय, दोघेही एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. त्याच्यासाठी ते राज्य तिथेच मोडलं."

मग त्यानेच मला या दुखण्याचा इतिहास सांगितला. तो मला ठाऊक नव्हता. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, कागदावर आणि फाशांनी खेळायचा. त्यात राक्षस मारले, खजिना आणला की अनुभवाचे गुण मिळत. त्याच दशकात, १९७८ साली, रूनक्वेस्ट नावाच्या खेळाने म्हटलं की जे कसब वापराल तेच वाढेल, आणि तेही खऱ्या प्रसंगात वापरलं तर, एका मोहिमेत एकदाच. फार प्रामाणिक नियम. तर खेळणारे एकाच लढाईत तलवार टाकून भाला, भाला टाकून कुऱ्हाड असं करू लागले, प्रत्येक हत्याराच्या नावापुढे खूण मिळावी म्हणून. पुढे २००२ साली मॉरोविंड आला, त्यात उड्या मारून उडीचं कसब वाढायचं, तर माणसं बाजारातून, देवळातून, सगळीकडे उड्या मारत हिंडू लागली. २००३ च्या ईव्ह ऑनलाइनने तर ती कटकटच काढून टाकली. कोणतं कसब शिकायचं ते सांगून ठेवा, तुम्ही झोपलात तरी ते आपोआप शिकत राहतं.

"हे बरं वाटतं का तुला?" मी विचारलं.

"नाही. पात्र मोडत नाही, पण मग ते कसब कमावलंय असंही वाटत नाही."

हे मला मोलाचं वाटलं. त्याला आकडा फुकट नको होता. कष्ट हवे होते, पण ते कष्ट कुणाचे आणि कशासाठी, इथे गाडी अडली होती. पुन्हा पुन्हा तेच करणं हा दोष नाहीच. मंद्रूपहून पुढे, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख सगळ्यांना माहीत असतो. पण शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात एक शिवलिंग मिळालं, ज्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. ओळीने, एकाखाली एक. कोरणाऱ्याचा हात तीनशेव्या मुखाला पहिल्यापेक्षा सराईत झालाच असेल. पण तो मुख कोरत होता. हात सराईत व्हावा म्हणून दगड फोडत नव्हता.

मी भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानात एक आख्खा अध्याय सरावाचा आहे. शास्त्र वाचून झालेल्या शिष्यानेही सराव केल्याशिवाय रोग्याला हात लावू नये, असं तो बजावतो. कापण्याचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करायचा आणि पट्टी बांधण्याचा सराव माणसाएवढ्या पुतळ्यावर. "म्हणजे तुझ्या वैद्याच्या पूर्वजांनीही ग्राइंडच केलंय. पण माणसावर सुरी न चालवता, आणि वैद्य म्हणूनच."

त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "खेळात पुतळ्यावर पट्टी बांधली तर आकडा चढत नाही. तलवारीच्या सरावाला पुतळे आहेत, वैद्याला नाहीत."

"मग खेळ रचणाऱ्यांनी वैद्याचा विचार कमी केला. तो दोष तुझा नाही. पण त्या राज्यात खरे जखमी कुठे सापडतात?"

"ब्रिटन नावाचं नगर आहे, त्याच्याबाहेर स्मशान आहे. नवखे तिथे सांगाड्यांशी लढायला जातात. मार खातात."

"मग तिथे बस की."

"हल्ली माणसं कमी झालीत, मामा. तासन् तास कुणी फिरकत नाही. ऐंशीवर जायला वर्ष लागेल."

इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते आहे असं भासवलं नाही. सरळ वाट लांब आहे, एकटेपणाची आहे, आणि त्याची माणसं शनिवारी जाणार आहेत. एवढ्यात त्याला एक पळवाट सुचली, आणि ती चांगली होती. "समजा मी असं ठरवलं, की माझा वैद्य शल्यविद्या शिकतोय. शिकाऱ्याने संमती दिलीय. जखमांचा अभ्यास म्हणून तो स्वतःला कापून घेतो. मग तर सगळं पात्रातच बसलं."

"बसेल. पण मग ते खरोखर घडलं पाहिजे. गावाच्या चौकात तुझ्या वैद्याने हे सांगावं, मी असा शिकलो. कुणी शहारेल, कुणी म्हणेल याच्या हातून मला पट्टी नको, एखादा पहारेकरी लक्ष ठेवील. शिकाऱ्याच्या अंगावर वण राहतील आणि तो त्याबद्दल बोलेल. हे सगळं घ्यायची तयारी असेल तर खुशाल कर, मी म्हणेन फार जबरदस्त पात्र आहे. पण रानात आकड्यासाठी करायचं आणि मागाहून त्याला गोष्टीची पट्टी बांधायची, हे नको. जे तुझ्या पात्राला चौकात सांगता येत नाही, ते त्याने केलेलं नाही, तू केलंयस त्याच्या हातून."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. शिकारी तिकडे तसाच उभा होता. बंगळुरूच्या मुलाने दोनदा विचारलं होतं, आहेस का.

"चौकात सांगणारा तो माणूस नाही," शेवटी भाचा म्हणाला. "मी त्याला शांत माणूस म्हणून घडवलाय. त्याला हे जमणार नाही." मग थोड्या वेळाने, "मंडळात ऐंशीच्या पुढचा एक वैद्य आहे. त्याला विचारतो, शनिवारी मला शागीर्द म्हणून घेशील का. पट्ट्या मी बांधीन, मेलेल्याला उठवायचं काम तो करील. खरे जखमी मिळतील आणि कुणी माझ्या भरवशावर राहणार नाही. आकडा जेवढा चढेल तेवढा चढेल."

"त्याचे ऐंशी कसे झाले तेही विचार."

"ते नाही विचारणार, मामा. पात्र म्हणून विचारलं तर तो काहीतरी रचून सांगेल, आणि मित्र म्हणून विचारलं तर तोच पात्राबाहेर येईल. त्याला वाटलं तर तो चौकात सांगेल."