मागची पाटी

मिरजेच्या काकूंचा पुतण्या न्यू जर्सीहून सुट्टीवर आला, तो काकूंसाठी राइस कुकर घेऊनच. "आता गॅसपाशी ताटकळायचं नाही, काकू. तांदूळ टाका, बटण दाबा आणि खुशाल सिरियल बघा." कुकरच्या चपट्या पट्ट्यांची पिन आपल्या गोल भोकांत जात नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टरही त्याने आणला होता.

शेजारचे अण्णा वीज मंडळातले निवृत्त वायरमन. पेपर परत द्यायला आले आणि त्यांनी कुकर उचलून थेट उलटाच केला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. तळाच्या पाटीवर बारीक अक्षरांत होतं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ५०० वॅट.

"हा इथे लावू नकोस रे. आपली लाइन २३०ची."

"अ‍ॅडॉप्टर आहे ना, अण्णा! माझा फोन, लॅपटॉप आल्यापासून याच्यावरच चालतायत."

"त्यांच्या चार्जरवर काय लिहिलंय, वाचलंस?"

वाचलं नव्हतं. अशा चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. तो जपानच्या १०० व्होल्टवर चालतो आणि आपल्या २३०वरही. त्यामुळे देशोदेशी फिरूनही या मुलावर पाटी वाचायची वेळच आली नव्हती. अ‍ॅडॉप्टर नुसता पिनचा आकार जुळवतो, आलेला दाब जसाच्या तसा पुढे धाडतो. अण्णांनी हे सांगितलंही. पण वायरमनचं ऐकायचं म्हणजे इंजिनिअरला जरा जडच जातं. "काही होत नाही हो," म्हणत त्याने बटण दाबलं.

दाब जवळपास दुप्पट झाला की तापणाऱ्या तारेतला प्रवाहही तितकाच वाढतो, आणि उष्णता जाते साडेतीनपटीच्या वर. ५०० वॅटचा कुकर १८०० वॅट ओढू लागला. पाण्याला आधण यायच्या आतच जळका वास सुटला आणि कुकरचा दिवा विझला. काकूंनी काही न बोलता तांदूळ पातेल्यात ओतले, गॅस पेटवला. अण्णांनी संध्याकाळी कुकर खोलला. आतला थर्मल फ्यूज उडाला होता, म्हणून निदान तेवढ्यावर भागलं.

"ट्रान्सफॉर्मर लावला असता तर?" पुतण्याने विचारलं.

"चालला असता. पण एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड येतो. त्यापेक्षा इथलाच कुकर घ्यावा."

पुढच्या उन्हाळ्यात काकू त्याच्याकडे एडिसनला निघाल्या. दाण्याच्या कुटाची सोय म्हणून मिक्सर बॅगेत जायचा होता. काकूंनी तो उलटा केला: २३० व्होल्ट, ७५० वॅट. तिथल्या १२०वर त्याचं पातं जेमतेम फिरलं असतं, कूट राहिलंच बाजूला. मिक्सर परत ओट्यावर गेला आणि पुतण्याला फोन गेला, "तिथल्या आपल्या दुकानांत ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात म्हणे. एक आणून ठेव. आणि पैसे देण्याआधी पाटी वाच."