दया कोणाच्या खर्चाने?

मुक्या जीवाला मोकळे सोडणे म्हणजेच भूतदया काय? हा प्रश्न आम्हांस पुण्याच्या वेताळ टेकडीवर, पायवाटेच्या एका वळणावर पडला.

गेल्या चैत्रातली गोष्ट. सकाळी आम्ही आमच्या मोत्याला घेऊन टेकडीवर गेलो आणि वर पोचताच नेहमीप्रमाणे त्याची दोरी सोडली. दिवसभर दाराशी बांधलेला जीव, घटकाभर माती हुंगू दे, एवढाच विचार. तोच गिरिपुष्पाच्या झाडांतून एक आजीबाई काटक्यांची मोळी घेऊन आल्या. मोत्या शेपूट हलवीत त्यांच्याकडे धावला. आम्ही मागून ओरडलो, "आजी, भिऊ नका, तो काही करत नाही!" तोवर आजी मोळीसकट खाली पडल्या होत्या. गुडघा फुटला. हात देऊन उठविले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, तो काही करत नाही हे तुम्हाला ठाऊक. मला कसं ठाऊक असणार?"

वाचकहो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कुत्रा पिसाळल्याचा रोग माणसाच्या अंगावर एकदा दिसू लागला म्हणजे त्यातून बहुधा कोणी वाचत नाही. मग परक्या कुत्र्याला भिणे हा आजींचा भित्रेपणा कसा म्हणावा? ते शहाणपणच होय.

कोणी म्हणेल, मग काय कुत्रा जन्मभर बांधूनच ठेवायचा? मुळीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. नेहमी साखळीला असलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडविले नाही, तर त्या कायद्याने मालक दोषी ठरतो. फिरणे हा मोत्याचा हक्कच आहे. पण ते फिरविणे आपले काम. ते आजींच्या अंगावर सोडून देता येत नाही.

आणि वाटेवर केवळ माणसेच असतात असे थोडेच आहे! टिटवी घरटे बांधीत नाही. उघड्या खडकाळ जमिनीवरच तीन-चार अंडी घालते. ऐन उन्हाळ्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. कुत्रा नुसता जवळून धावला तरी ती ओरडत उठते, आणि तितका वेळ अंडी उन्हात पडतात. मोत्याने अंड्याला तोंडही लावले नसेल. तरी टिटवीच्या लेखी 'काही केले नाही' असे होत नाही.

नामदेवरायांची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, आणि कोरडी खाऊ नये म्हणून ते तूप घेऊन मागे धावले. त्या कथेत धावण्याचे श्रम नामदेवरायांचे, भाकरी त्यांची, तूपही त्यांचेच. आमच्या दयेचा खर्च मात्र आजींच्या गुडघ्याने सोसला. जी दया दुसऱ्याच्या खर्चाने होते, तिला दया म्हणावे की सोय?

तेव्हापासून आम्ही लांब दोरी घेतली आहे. मोत्या हुंगतो, आम्ही थांबतो. त्याला धावावेसे वाटले तर जमेल तेवढे आम्हीही धावतो. समोरून कोणी आले की दोरी आखडून वाटेच्या कडेला उभे राहतो. टिटवीच्या दिवसांत वाट सोडीत नाही. त्याची घाण आम्हीच उचलतो, लस वेळेवर टोचून घेतो. दिंडीत चालणाऱ्यास हे नवे नाही. आपली जागा धरून चालल्याने तेथे कोणाचा आनंद उणा होत नाही.

मोत्याला पूर्वीचे मोकळेपण आठवत असेल. कधी कधी दोरीला हिसका देऊन तो आमच्याकडे बघतो, तेव्हा वाईट वाटते. ते नाकारीत नाही. पण परवा आजी पुन्हा भेटल्या. दुरूनच थबकल्या. आम्ही कडेला झालो, दोरी दाखविली. मग त्या आल्या तशा चालत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "काय नाव याचं?"

असो. वाट सर्वांची आहे. दोरी मात्र आपल्या हाती आहे.