सिस्टर, जरा बसता का?

एकाकी रुग्णाशी बोलणं हा परिचारिकेच्या स्वभावाचा चांगुलपणा की तिच्या कामाचाच भाग? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये हवा, उजेड, स्वच्छता यांच्या जोडीला बोलण्याचाही बारकाईनं विचार आहे. आजाऱ्याशी पाठीमागून किंवा दारातून बोलू नये. त्याला मान वळवावी न लागता दिसेल, असं बसून बोलावं. ‘काही होत नाही, बरे व्हाल’ छापाच्या पोकळ धीराचा तर त्यांना तिटकाराच होता. गोड बोलणं वेगळं आणि रुग्णाशी बोलणं वेगळं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. त्याचा पुरावा 1964 मध्ये बॉस्टनमधल्या एका प्रयोगानं दिला. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या 97 रुग्णांपैकी ज्यांना दुखणं कुठे, कसं असेल आणि अंग सैल कसं सोडायचं हे नीट सांगितलं, त्यांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं. सांगणारा भूलतज्ज्ञ होता, हे खरं. पण भूलतज्ज्ञ भेटून जातो. परिचारिका पाळीभर तिथेच असते.

मग हे शहाणपण मागे का पडलं? मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी 1960 मध्ये लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयाविषयी लिहिलेला निबंध याचं उत्तर देतो. तिथे परिचारिकेच्या वाट्याला माणसं येत नसत, कामांची यादी येई. रुग्णाचा उल्लेख खाटेच्या क्रमांकानं किंवा बिघडलेल्या अवयवानं होई: ‘दहा नंबरचं लिव्हर’. वेदना आणि मृत्यू यांची झळ लागू नये म्हणून उभारलेली ही तटबंदी. ‘फार जीव लावू नये, सिस्टर खचेल’ हा आजचा आक्षेपही त्याच वळणाचा. पण तटबंदीच्या आत कोणी सुखी नव्हतं. शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्ध्यावर सोडत होत्या. कारणं अनेक असतील. अंतर राखून मन सुरक्षित राहतं, असं मात्र यातून दिसत नाही.

आपल्याकडे दुसरा आक्षेप येतो: खाटेशी नातेवाईक असतातच, सिस्टरनं कशाला बोलायचं? पण आजारी माणूस मुलाबाळांशी जपूनच बोलतो. बिलाची धास्ती, रात्रीची भीती, ‘घरी गेल्यावर माझं करणार कोण’ हा प्रश्न, यांतलं बरंच तो घरच्यांपासून लपवतो. अतिदक्षता विभागात तर घरचे बहुतेक वेळ दाराबाहेरच असतात. ‘सिस्टर’ या हाकेत नातं आहे, पण नात्याचं ओझं नाही. म्हणून तिच्यापाशी खरं बोलता येतं.

वेळ नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. इंग्लंडमधल्या 46 रुग्णालयांतल्या 2917 परिचारिकांना, शेवटच्या पाळीत वेळेअभावी काय राहून गेलं, असं विचारलं गेलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 66 टक्के परिचारिकांनी धीर देणं, बोलणं राहून गेल्याचं सांगितलं. वेदनेवरचे उपचार राहिले असं सांगणाऱ्या अवघ्या 7 टक्के. म्हणजे वेळ आटला की पहिली कात्री बोलण्यावर चालते. जिथे परिचारिकेमागे रुग्ण कमी होते, तिथे राहून गेलेली कामंही कमी होती. तेव्हा ‘हसून बोला’ अशा पाट्या लावून भागणार नाही. मनुष्यबळाच्या हिशोबात बोलण्याची मिनिटं धरावी लागतील. आणि वॉर्डात एखादी सिस्टर खुर्ची ओढून कुणापाशी बसलेली दिसली, तर ती रिकामी आहे असं कृपा करून समजू नका.